छत्तीसचा बॉक्स आणि आमची हजेरी

सोलापूरचा टॉवेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माग येतो. सूत, रंग, विणकर यांच्याबद्दल कुठं ना कुठं छापून येतं. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण मागावरून उतरलेला टॉवेल धुऊन, वाळवून, कडा शिवून झाला की जातो कुठं? तो येतो पॅकिंगच्या टेबलावर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गोदामात मी त्या टेबलावर उभी असते.

आमच्या वसाहतीतल्या मुली मला विचारतात, "पॅकिंगला काय अवघड असतंय, घडी घालायची अन् पिशवीत सरकवायची." त्यातल्या काही येतात आणि आठवड्याच्या आत सोडून जातात. त्यांना कुणी आधी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही कुंभारीला विडी घरकुलात राहतो. १० हजार घरांची ही वसाहत २००६ साली विडी कामगार बायकांच्या नावावर उभी राहिली. आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यांच्या आयुष्यभराच्या विड्यांवर. नवऱ्याच्या मागाचं काम कधी असायचं, कधी नसायचं. तेव्हा शेजारणीनं ठेकेदाराचा नंबर दिला. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो एवढं घेऊन गेले. ठेकेदारानं एकच प्रश्न विचारला, "दिवसभर उभं राहायला जमेल का?" जमेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं कामाला.

पहिले काही दिवस मला बॉक्सला हातच लावू दिला नाही. अक्काच्या बाजूला उभं केलं. अक्का म्हणजे आमच्या टेबलाची सगळ्यात जुनी बाई, पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी. तिचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: "घडी बघू नको, कडा बघ."

तीस बाय साठ इंचाचा टॉवेल लांबीत एकदा दुमडायचा, मग परत एकदा. झाला तीस बाय पंधरा. आता रुंदीचे तीन भाग करून दोन्ही बाजू आत घ्यायच्या. हातात येते ती दहा बाय पंधराची घडी. ऐकायला एवढंच आहे. पण पहिल्या दुमडीत दोन्ही कडा बरोबर जुळल्या नाहीत तर बोटभर फरक शेवटच्या दुमडीपर्यंत वाढत जातो आणि घडी तिरकी येते. बॉर्डर वर दिसली पाहिजे, लेबल एका ठरलेल्या कोपऱ्यात आलं पाहिजे, शिवलेल्या कडा आत गेल्या पाहिजेत. हे करता करताच हाताला तुटलेला फासा, म्हणजे टॉवेलवरचं सुताचं वेटोळं, लागला पाहिजे, डोळ्याला तेलाचा डाग दिसला पाहिजे. चेकिंगच्या बायका आमच्या आधी असतातच, पण त्यांच्या नजरेतून सुटलेलं आमच्याच हाताला लागतं. डाग असलेला नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातो. लोंबता धागा असला तर कात्रीनं कापायचा, ओढायचा नाही. ओढला की टेरीचे फासे एकामागून एक सुटत येतात आणि चांगला नग वाया जातो.

आणि ओल. ही गोष्ट अक्कानं मला फार नीट शिकवली. टॉवेल वरून कोरडा लागतो, पण शिवणीत, जिथं कापड दुहेरी असतं तिथं, ओल बसलेली असते. ती तळहाताला कळत नाही, कारण काम करून तळहात निबर झालेले असतात. अक्का घडीत हात घालून हाताची मागची बाजू शिवणीला लावते, दोन क्षण थांबते आणि नग बाजूला काढते किंवा पुढं सोडते. ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बंद झाला की आठ-पंधरा दिवसांत कुबट वास धरतो, त्यावर काळे ठिपके येतात. एका टॉवेलचा वास सगळ्या बॉक्सला लागतो. माल बोटीनं जाणार असेल तर बॉक्स महिनाभर बंद राहतो. तिकडं उघडल्यावर त्या वासाला नाव लागतं सोलापूरचं.

घडी झाली की पिशवी, पिशवीवर बारकोडचं लेबल, मग बॉक्स. आमचा नेहमीचा बॉक्स तीन डझनाचा, म्हणजे छत्तीस नगांचा. दोन थप्प्या, एकेका थप्पीत अठरा. इथंही युक्ती आहे. घडीची दुमडलेली बाजू जाड असते आणि मोकळी बाजू पातळ. सगळ्या घड्या एकाच बाजूला तोंड करून रचल्या तर थप्पी कलते, बॉक्सचं एक पोट फुगतं आणि वरची झाकणं मिळत नाहीत. म्हणून एक तोंड डावीकडं, दुसरं उजवीकडं. नवीन मुली जोर लावून झाकण दाबतात. बरोबर रचलं असेल तर झाकण हातानं सहज बसतं, जोर लावावा लागला म्हणजे आत रचनेत चूक आहे असं समजायचं.

बॉक्सबद्दल थोडं सांगते, कारण हे मला कामाला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. हलक्या मालाला तीन प्लायचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन थरांचा, बॉक्स चालतो, जडाला पाच प्लायचा लागतो. बॉक्सचा सगळा जोर त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा आला तर खालचा बॉक्स वरचं ओझं पेलतो. विटांसारखं अर्धं-अर्धं सरकवून रचलं तर रास पक्की वाटते, पण वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो आणि तो तिथं खचतो. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल ओढतो आणि मऊ पडतो, तेव्हा उन्हाळ्यात सहा उंच जाणारी रास चारवर थांबवायची. थेट फरशीवर बॉक्स कधीच ठेवायचा नाही, खाली लाकडी पॅलेट हवंच.

टेप मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांना एकेक. टेपचा हात ओढताना मनगटातून न ओढता खांद्यातून ओढायचा, नाहीतर संध्याकाळी चहाचा कप धरवत नाही. वरून प्लास्टिकची पट्टी मारली असेल आणि ती कापायची वेळ आली तर एक हात पट्टीवर दाबून धरून तोंड बाजूला करायचं. ताणलेली पट्टी सुटली की चाबकासारखी येते. आमच्यातल्या एका पोरीच्या भुवईवर खूण आहे, डोळा थोडक्यात वाचला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आता मी प्रत्येक नवीन मुलीला पहिल्या दिवशी हेच आधी सांगते, घडी नंतर.

आता वजनाचं. पाचशे जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला पाचशे ग्रॅम भरणारा, तीस-साठ टॉवेल साधारण पाचशे ऐंशी ग्रॅम भरतो. डझन झाला सात किलोच्या जवळपास. तीन डझनाचा बॉक्स पुठ्ठ्यासकट बावीस किलो. टेबलावरून काट्यावर, काट्यावरून पॅलेटवर. दोघींनी मिळून पाळीत शंभर बॉक्स हलवले तर दोन टनांच्या वर माल हातातून जातो. पुढं गाडीत चढवायला हमाल येतात, पण पॅलेटपर्यंत आमच्याच हातांनी. गुडघ्यात वाकून, बॉक्स पोटाला लावून उचलायचा, उचललेला असताना कमरेत वळायचं नाही, पाय फिरवायचे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे करायचं. बाहेर पारा त्रेचाळीसवर असतो, आत पंखे गरम हवाच फिरवतात. टॉवेलचं बारीक तूस घामावर चिकटतं, नाकात जातं. रुमाल बांधला तर जीव गुदमरतो, नाही बांधला तर रात्रभर खोकला. आम्ही पातळ सुती रुमाल दुहेरी बांधतो आणि पाण्याची बाटली टेबलाखालीच ठेवतो.

बोटांचं दुखणं वेगळंच. कोरडा पुठ्ठा कातडीतलं सगळं तेल पिऊन टाकतो. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांना चिरा पडतात. भाकरी थापताना त्या चिरांत पीठ जातं, शेंगाची चटणी लागली की डोळ्यांत पाणी येतं. हातमोजे घालून घडी जमत नाही, बोटांना कापड कळत नाही. रात्री भांडी झाल्यावर खोबरेल तेल लावून जुने मोजे हातात घालून झोपणं हा एकच उपाय लागू पडला.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मोजणी. आमच्या टेबलावर तीन भाषांत मोजणी चालते. अक्का मनातल्या मनात ओकटी, रेंडू, मूडू करते. तिच्या पलीकडची अक्कलकोटकडची मावशी ओंदु, एरडु, मूरु. मी मराठीत. आणि गाडी भरायला येणारे हमाल मामा पहिल्या बॉक्सला एक म्हणतच नाहीत, जुन्या अडत बाजाराच्या रीतीनं लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. चौघांचा आकडा जुळला की माल बाहेर. बोलत बोलत मोजायचं नाही, मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, हा आमचा टेबलाचा नियम. रागावायचं नाही, ज्यानं हाक मारली त्यानं थांबायचं.

एका उन्हाळ्यात या मोजणीवरच सगळं आलं. मोठी ऑर्डर होती. डिस्पॅचला बॉक्स काट्यावर चढत होते आणि पॅकिंग लिस्टवर लिहिलेल्या वजनापेक्षा प्रत्येक बॉक्स कमी भरत होता. कुठं पाचशे-सहाशे ग्रॅम, कुठं त्याहून जास्त. एका टॉवेलचं वजन पाचशे ऐंशी. सुपरवायझर टेबलापाशी आला आणि म्हणाला, "प्रत्येक बॉक्सात एक नग कमी भरायलाय. नग जायलेत कुठं?"

चोरी हा शब्द तो बोलला नाही. पण सुटताना गेटवर आमच्या पिशव्या रोजच उघडून बघतात, त्यामुळं तो काय विचारतोय हे सगळ्यांना कळलं. मावशीचा चेहरा उतरला. एक पोरगी तर रडायलाच लागली, तिचं लग्न ठरलं होतं आणि घरात काही कानावर गेलं असतं तर अवघड झालं असतं. माझे हात थरथरत होते, रागानं.

अक्का शांत होती. तिनं कात्री उचलली आणि म्हणाली, "उघडा. तुम्ही सांगाल तो बॉक्स उघडा. मोजणी तुमच्यासमोर."

सुपरवायझरनं मधला एक बॉक्स दाखवला. अक्कानं टेप कापली, एकेक नग काढून टेबलावर ठेवला, मोठ्यानं मोजत. ती तेलुगूत, मी मराठीत, हमाल मामा लाभ म्हणून सुरू झाले. छत्तीस. दुसरा बॉक्स त्यानं स्वतः निवडला. छत्तीस. तिसऱ्याला त्यानं स्वतः मोजलं. छत्तीस.

तेव्हा रंगखात्याचे मास्तर बोलावले. त्यांनी लिस्ट बघितली आणि विचारलं, "ही वजनं कधीची?" ती वजनं आधीच्या पावसाळ्यात, याच मालाच्या पहिल्या लॉटला घेतलेली होती. तीच दर वेळी उतरवली जात होती. मास्तर म्हणाले, सूत हवेतलं पाणी पितं. व्यवहारात कापसाच्या सुताची ओल साडेआठ टक्के धरतात, पण प्रत्यक्षात ती हवेप्रमाणं वरखाली होते. श्रावणात भरलेला बॉक्स आणि वैशाखात भरलेला बॉक्स, नग तेवढेच असले तरी एक-दोन टॉवेलांच्या वजनाइतका फरक सहज पडतो. तो ओल्या टॉवेलचा दोष नव्हे, कोरडा टॉवेलसुद्धा हवेशी देवाणघेवाण करत असतो.

मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि फार वाईटही. काटा खरं बोलत होता, आम्हीही खरं बोलत होतो, पण आधी संशय आला तो आमच्यावर. सुपरवायझरनं माफी मागितली नाही. मात्र त्यानंतर आम्ही धरलेला हट्ट मान्य झाला: रोज सकाळी काम सुरू होण्याआधी एक डझन आणि एक रिकामा बॉक्स काट्यावर ठेवायचा, त्या दिवसाचं वजन फळ्यावर लिहायचं आणि लिस्टवर तेच धरायचं. अक्का लिहीत नाही, ती वजन सांगते आणि मी लिहिते. त्यानंतर नग कमी भरल्याचा आरोप कुणी केला नाही.

ऑनलाइन ऑर्डरी आल्यापासून टेबलाचं एक टोक त्या कामाला गेलंय. एक-दोन नगांची पार्सलं, प्रत्येकाचं लेबल वेगळं, स्कॅनरचा आवाज सतत. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं. साठ-चाळीस-तीसचा बॉक्स असला तर चौदा किलो चारशे ग्रॅम होतात, आत नऊ किलो माल असला तरी पैसे मोठ्या आकड्याचे. म्हणून घडी आवळून, हवा काढून, शक्य तितक्या लहान बॉक्समध्ये बसवणं ही पॅकरची हुशारी. गोदामाचे पैसे तिथं वाचतात. एवढं करून पगाराच्या कागदावर आमचा वर्ग अकुशल. मला हे पटत नाही. ज्याला शिकायला काही महिने जातात आणि जे नवीन माणसाला पहिल्या दिवशी येत नाही, त्या कामाला किमान अर्धकुशलचा दर मिळायला हवा. हे मी सुपरवायझरलाही सांगितलंय.

मालाची मोजणी इतकी चोख आणि आमच्या तासांची वही मात्र ठेकेदाराच्या खिशात, हे माझ्या लक्षात आणून दिलं सासूबाईंनी. एका महिन्यात जादा थांबलेल्या संध्याकाळी हिशोबात कमी आल्या. मी घरी येऊन बोलले. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्यात. विडी कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा छाट काढतो, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला करतो आणि त्यांची मजुरी मिळत नाही. किती छाट खरी, किती उगाच, यावर बायकांची भांडणं व्हायची. सासूबाईंना लिहिता येत नाही, पण किती दिल्या आणि किती छाटल्या याचा आकडा त्यांना वर्षानुवर्षं तोंडपाठ असायचा. त्या म्हणाल्या, "त्यांच्या वहीत त्यांचा हिशोब असतोय. तू तुझी वही घाल."

मी वही घातली. तारीख, आत गेलेली वेळ, बाहेर पडलेली वेळ. अक्काची हजेरीही मीच लिहू लागले, मग मावशीची, मग टेबलावरच्या सगळ्यांची. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं तर जादा तासाला दुप्पट दर, हे कायद्यात आहे. आम्हाला एकेरी मिळत होता. वही घेऊन चौघी जणी एकत्र गेलो तेव्हा ठेकेदार आधी ओरडला, मग त्यानं त्याची वही काढली. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या की ओरडायला फारसं उरत नाही. त्या महिन्यापासून तास बरोबर धरले जातात. दुप्पट दर मात्र अजून कधी मिळतो, कधी नाही.

पीएफचा प्रकार जास्त गंभीर होता. पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जायचा. मूळ पगार दहा हजार धरला तर बारा टक्क्यांनी आपले बाराशे जातात, तेवढेच बाराशे मालकाच्या बाजूनं यायला हवेत. मालकाच्या वाट्यातले आठशे तेहतीस पेन्शनला जातात, उरलेले तीनशे सदुसष्ट पीएफला. हे मला आमच्या वसाहतीतल्या एका शिकलेल्या मुलानं समजावून सांगितलं. त्यानंच उमंग ॲप टाकून दिलं, माझा बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, घातला आणि पासबुक उघडलं. मधले काही महिने रिकामे होते. पगारातून कापलेले, खात्यात न आलेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या सगळ्यांचे यूएएन घातले. सगळ्यांचे तेच महिने रिकामे. अक्काला तर तिचा यूएएन आहे हेच माहीत नव्हतं, तिच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडलं होतं. तिला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझे पैसे कापून यानं खिशात घातले काय गं?" मला उत्तर देता आलं नाही.

इथं एक गोष्ट सगळ्या ठेक्यावरच्या बायकांनी लक्षात ठेवावी. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर ज्या कंपनीचं काम आपण करतो तिच्यावरही जबाबदारी येते. ठेकेदार आणि तुम्ही बघून घ्या, असं कंपनीला म्हणता येत नाही. पगाराचंही तसंच, ठेकेदारानं बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा. आम्ही ठेकेदाराशी वाद घालत बसलो नाही. पगाराच्या पावत्यांच्या झेरॉक्स, पासबुकाच्या प्रिंट आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज घेऊन सरळ कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर साहेबांनी बसवून ऐकून घेतलं. पुढच्या बिलातून ठेकेदाराची रक्कम अडवली आणि काही महिन्यांनी पासबुकात रकाने भरायला लागले.

कामगारांच्या विमा योजनेचंही, म्हणजे ईएसआयचंही, तसंच बघून घ्या. आपले पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात, त्यावर स्वतःला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आणि सहा महिन्यांच्या काळात अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कमही मिळते, वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत. मावशीची कंबर धरली तेव्हा तिला या पैशाचा आधार झाला. तिचं कार्ड काढलेलं होतं म्हणून. ज्यांचं काढलेलं नव्हतं त्या दुखणं अंगावर काढून कामावर येत राहिल्या.

बसायचं मात्र अजून जमलेलं नाही. उभ्यानं काम करणाऱ्यांना मध्ये बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच कलम ४४ मध्ये लिहिलं होतं. आमच्याकडं टेबल उंच आहे, त्याला जुळतील अशी उंच स्टुलं मिळाली तर लेबल लावणं आणि पिशवीत भरणं बसून होऊ शकतं. घडी आणि बॉक्स उभ्यानंच करावे लागतील. आम्ही मागितली, दोन आली. ती पाळीपाळीनं वापरतो, गुडघे दुखणाऱ्या बायकांना आधी.

पीएफचे तीन महिने अजून रिकामे आहेत. तो ठेकेदार गेला, नवा आला, आणि आधीचे हे तीन महिने कुणी भरायचे यावर टोलवाटोलवी चालू आहे. आम्ही पीएफ कार्यालयात लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय. पुढच्या आठवडी सुट्टीला अक्काच्या नावाची दुरुस्ती करायला जायचंय, ती झाल्याशिवाय तिला स्वतःचेच पैसे काढता येणार नाहीत. नव्या ठेकेदाराला आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं की हजेरीची एक वही आमच्याकडंही असते आणि महिनाअखेरीला दोन्ही जुळवून मगच आम्ही सही करतो. त्यानं मान हलवली. या महिन्याची जुळणी अजून व्हायची आहे.